सहा जण, एक गच्ची आणि फोनवरची फिल्म: छोट्या गटात सिनेमा कसा शिकायचा?

माझ्या मामाच्या गावचं गुऱ्हाळ मागच्या हंगामात शेवटचं चाललं. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे. गुळाला दर नाही, कामाला माणूस मिळत नाही, म्हणून पुढच्या वर्षी बंद करायचं हे घरात आधीच ठरलं होतं. मी म्हटलं, यावर फिल्म करायची. माझ्याकडे फोन होता, साडेतीनशे रुपयांचा ट्रायपॉड होता आणि यूट्यूबवर पाहिलेल्या किमान शंभर व्हिडिओंचं ज्ञान होतं. दोन दिवस आणि दोन रात्री शूट केलं. घरी येऊन लॅपटॉपवर क्लिप लावल्या आणि पोटात गोळा आला.

चरकाच्या इंजिनाच्या आवाजात गुळव्या काकांचं बोलणं बुडून गेलं होतं. रात्री काहिलीजवळ ट्यूबलाइटच्या उजेडात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक शॉटवरून काळपट पट्टे सरकत होते. पुन्हा एक दिवस शूट करू या म्हणून मामाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, चरक भंगारवाला घेऊन गेला की परवा!"

म्हणजे दुसरा टेक नाही. आहे त्यातूनच काहीतरी करायचं. त्या आठवड्यात एका ओळखीच्या दादाने मला राजारामपुरीतल्या एका गच्चीवर बोलावलं. तिथे पाच जण दर पंधरा दिवसांनी जमायचे, एकमेकांचं काम बघायचे आणि त्यावर बोलायचे. मी सहावा झालो. शंभर व्हिडिओ पाहून जे कळलं नव्हतं ते त्या पाच जणांनी मला दीड तासात सांगितलं.

आजच्या लेखात आपण हेच बघणार आहोत. असा छोटा गट नेमकं काय शिकवतो, तो कसा जमवायचा, फोनवरून कसा चालवायचा आणि तो बिघडतो कुठे. तुम्ही रील बनवत असा, शॉर्ट फिल्म बनवत असा किंवा कॉलेजच्या एकांकिकेचं रेकॉर्डिंग करत असा, हे उपयोगी पडेल.

एवढे व्हिडिओ बघूनही आपण का अडतो?

साधी गोष्ट आहे. व्हिडिओ तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी काय शोधलं होतं? "फोनवर सिनेमॅटिक लूक कसा आणायचा". त्याची उत्तरं भरपूर मिळाली. पण "ट्यूबलाइटखाली शूट करताना शटर किती ठेवायचं" हा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हतं. जो प्रश्न डोक्यात नाही तो सर्चमध्ये कसा टाकणार?

छोट्या गटात उलटं होतं. समोरचा माणूस तुमची क्लिप बघतो आणि प्रश्न तो विचारतो. माझी रात्रीची क्लिप सुरू झाल्यावर दहाव्या सेकंदाला लग्नाचे व्हिडिओ करणारा दादा म्हणाला, "थांबव. फ्रेम रेट तीस होता ना? आणि शटर ऑटो?" दोन्ही बरोबर. तो पुढे म्हणाला, "मांडवात माझं असंच झालं होतं. अख्खं रिसेप्शन पट्ट्यापट्ट्यांचं."

गच्चीवर मला कळलेल्या तीन गोष्टी

१. पट्टे का येतात? आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची असते. प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो आणि प्रत्येक फेरीत दोनदा शून्यावर येतो. त्यामुळे चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. स्वस्तातले काही एलईडी दिवेही असंच करतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनचा सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तोच पट्टा.

उपाय सोपा आहे. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. म्हणजे प्रत्येक ओळीच्या वाट्याला दिव्याची पूर्ण दोन किंवा पूर्ण एक लुकलुक येते आणि उजेड सारखा पडतो. सोबत फ्रेम रेट २५ ठेवला तर १/५० हे शटर हालचालीसाठीही बरोबर बसतं, कारण साधारणपणे शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचा रिवाज आहे. फोनच्या कॅमेऱ्यात "प्रो व्हिडिओ" असेल तर तिथे हे बदलता येतं. नसेल तर "ब्लॅकमॅजिक कॅमेरा" हे मोफत ॲप आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं.

आता गंमत बघा. त्याच रात्री चुलाणाच्या जाळाच्या उजेडात घेतलेले माझे शॉट स्वच्छ आले होते, कारण जाळ विजेवर चालत नाही. मी ते शॉट "अंधार जास्त आहे" म्हणून बाजूला टाकले होते. एडिटिंग करणारी ताई म्हणाली, "ट्यूबवाले सगळे काढून टाक. रात्र फक्त जाळावर दाखव." फिल्ममधलं आज लोकांना सगळ्यात आवडणारं दृश्य तिथून आलं.

२. आवाज का बुडला? मी फोन ट्रायपॉडवर लावून दहा फुटांवरून बोलणं घेतलं होतं. मोकळ्या जागेत माइकचं अंतर दुप्पट केलं की पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता साधारण चौथाई होते. इंजिन मात्र तेवढ्याच जोरात चालू राहतं. आमच्यात भजनी मंडळांचा साउंड सांभाळणारा एक इंजिनिअरिंगचा मुलगा आहे. त्याने विचारलं, "घरात दुसरा फोन नव्हता का?" होता की, मामाचा! तो विमान मोडवर टाकून, रेकॉर्डर चालू करून काकांच्या खिशात ठेवला असता तरी काम झालं असतं. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. एडिटमध्ये टाळीचा आवाज आणि हात जुळण्याची फ्रेम एकत्र लावली की दोन्ही फाइल जुळतात. आणि निघताना त्या जागेचा नुसता आवाज, कुणी न बोलता, अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करायचा. दोन वाक्यांमधल्या फटी बुजवायला तोच लागतो.

३. ओठ आणि शब्द मागेपुढे का होतात? फोन बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो. कधी सेकंदाला २९ फ्रेम, कधी ३०. प्लेअरमध्ये हे जाणवत नाही, पण एडिटमध्ये लांब क्लिप टाकली की आवाज हळूहळू सरकतो. "हँडब्रेक" नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकून क्लिप आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायची, मग एडिटला बसायचं. ही युक्ती ताईने सांगितली. तिने स्वतः एक मुलाखत तीन रात्री जागून हाताने जुळवली होती, त्यानंतर तिला ती सापडली.

तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. सांगणाऱ्याने ती चूक स्वतः केलेली होती. मला वाटतं छोट्या गटाची खरी ताकद इथे आहे. मोठ्या सभागृहात, माइकवर, माणूस आपलं यश सांगतो. सहा जणांत चहा पिताना तो आपली फजिती सांगतो. आणि शिकायला फजितीच जास्त कामाला येते.

हे आपल्याकडे नवीन नाही

कोल्हापूरचा आहे म्हणून जरा अभिमानाने सांगतो. बाबूराव पेंटरांच्या काळात इथे ना फिल्म स्कूल होतं, ना मॅन्युअल. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रपट बघून, यंत्रं उघडून कॅमेरा बनवायची खटपट सुरू केली. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने ती पुरी केली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा "सैरंध्री" हा मूकपट १९२० मध्ये आला. त्याच कंपनीत पडेल ते काम करत शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही मंडळी शिकली आणि १९२९ मध्ये त्यांनी सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन कोल्हापुरातच "प्रभात" सुरू केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. प्रभातच्या त्याच जागेवर १९६० मध्ये आजची एफटीआयआय उभी राहिली. तिथे वर्ग आहेत, स्टुडिओ आहेत, पण माजी विद्यार्थी आठवण काढतात ती एका आंब्याच्या झाडाची. "विस्डम ट्री" म्हणतात त्याला. साठच्या दशकात ऋत्विक घटक तिथे शिकवत होते आणि मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. वर्ग सुटल्यावरच्या गप्पा त्या झाडाखाली रंगायच्या.

कोलकात्यात १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. चित्रपट बघायचे आणि त्यावर बोलायचं. रायांचा पहिला चित्रपट "पथेर पांचाली" आला १९५५ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ हेच काम करतंय. तेव्हा फिल्मची रिळं मिळवणं हीच मोठी कसरत होती. आज सिनेमा आपल्या खिशात आहे. मिळत नाहीत ती सोबत बसून बोलणारी माणसं.

गट किती मोठा असावा?

आमचा अनुभव: चार ते सात. तीन असले आणि एक आला नाही की बैठक मोडते. आठच्या वर गेलं की दोघं-तिघं बोलतात, बाकीचे फोन बघतात. सहा जण असतील आणि प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर तासाभरात सगळ्यांचं बोलून होतं.

सगळे दिग्दर्शक नकोत. आमच्यात लग्नाचे व्हिडिओ करणारा दादा आहे, एडिटिंग करणारी ताई आहे, साउंडवाला मुलगा आहे, एकांकिका लिहिणारी एक मुलगी आहे, शेतीचे व्हिडिओ टाकणारा एक जण आहे आणि मी. शेतीवाल्याने "सिनेमा" कधी बनवला नाही, पण उन्हात शूट करण्याचं त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. फोनचं अ‍ॅपर्चर सहसा बदलता येत नाही, त्यामुळे दुपारी शटर १/५० ठेवलं की चित्र पांढरंफटक होतं. अशा वेळी लेन्सवर एनडी फिल्टर लावायचा, म्हणजे कॅमेऱ्याला गॉगल घालायचा, हे त्याने सांगितलं.

अजून एक. बैठकीची जागा आणि वेळ सगळ्यांना झेपेल अशी ठेवा. सुरुवातीला आम्ही रात्री नऊला जमायचो. एकांकिकावाली मुलगी दोनदा आली नाही. विचारल्यावर कळलं, शेवटची बस चुकते. आता रविवारी संध्याकाळी पाचला जमतो. गटात मुली टिकत नाहीत अशी तक्रार करण्याआधी घड्याळ बघा.

फोनवरून गट कसा चालवायचा?

* क्लिप पाठवताना: व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो. मग तुमच्या रंगावर आणि आवाजावर बोलण्यात अर्थच उरत नाही. तोच व्हिडिओ "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. २ जीबीपर्यंतची फाइल चालते.
* कच्चं एडिट दाखवताना: यूट्यूबवर "अनलिस्टेड" करून टाका. ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांनाच दिसतो आणि खाली प्रतिक्रिया लिहिता येतात. प्रतिक्रियेत ३:४२ असं लिहिलं की त्या क्षणाची लिंक तयार होते. "प्रायव्हेट" ठेवलात तर प्रतिक्रियांची सोय मिळत नाही. लक्षात ठेवा, अनलिस्टेड लिंक कुणीही पुढे पाठवू शकतं.
* ऑनलाइन भेटताना: स्क्रीन शेअर करून फिल्म दाखवू नका. चित्र अडखळतं, आवाज चिरकतो. सगळ्यांनी आधी बघून यायचं आणि मीटिंगमध्ये फक्त बोलायचं. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांची मर्यादा असते. आम्हाला ती उलट बरीच वाटते, फाटे फुटत नाहीत.
* बघताना: इयरफोन लावून बघायचं, आणि मग एकदा फोनच्या स्पीकरवर. तुमचे बहुतेक प्रेक्षक स्पीकरवरच बघणार आहेत.
* नोंद: दर बैठकीनंतर कुणीतरी एकाने पाच ओळी लिहून ग्रुपवर पिन करायच्या. काय अडलं, काय उपाय निघाला. आमच्या अशा नोंदी आता आमचं स्वतःचं पाठ्यपुस्तक झाल्या आहेत.

बोलायचं कसं?

इथे बरेच गट फसतात. एक तर सगळे "भारी रे भावा" म्हणतात, नाहीतर सोलून काढतात. अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लेरमन यांनी १९९० च्या सुमारास प्रतिक्रिया देण्याची चार पायऱ्यांची एक पद्धत बसवली. ती नाचापुरती राहिली नाही, अनेक कलांत वापरली जाते. आम्ही ती आमच्या भाषेत अशी करतो:

१. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं, काय लक्षात राहिलं, काय भिडलं. खोटी स्तुती नको, नेमकं सांगायचं.
२. मग बनवणाऱ्याने प्रश्न विचारायचे. "शेवट लांबला का?"
३. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण प्रश्नात टोमणा नको. "एवढा अंधार का ठेवलास?" हा टोमणा. "रात्रीचा उजेड कुठून येतोय असं तुला दाखवायचं होतं?" हा प्रश्न.
४. शेवटी मत, आणि तेही विचारून. "आवाजाबद्दल माझं एक मत आहे, सांगू?" बनवणारा "आज नको" म्हणू शकतो.

पिक्सार स्टुडिओत "ब्रेनट्रस्ट" नावाच्या अशाच बैठका होतात. त्यातला एक नियम आम्ही उचलला आहे. गटाचा सल्ला दिग्दर्शकावर बंधनकारक नाही. चूक कुठे वाटते ते गट दाखवेल, दुरुस्ती कशी करायची ते ज्याची फिल्म तो ठरवेल.

पैशाचं बोलणंही इथेच होतं

माझी फिल्म पुरी झाल्यावर एका ऑनलाइन चॅनलने विचारलं. आठ हजार रुपये देतो, या कागदावर सही करा. कागदावर होतं: सर्व हक्क, सर्व माध्यमं, संपूर्ण जग, कायमचे. आठ हजार बघून मी हुरळलो होतो. सही करणारच होतो, पण म्हटलं गच्चीवर दाखवू.

कागद वाचून एकांकिकावाली मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "मी असाच कागद पाच हजारांत सही केला होता. नंतर माझ्याच कॉलेजच्या महोत्सवात माझीच फिल्म दाखवता आली नाही." हे तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती म्हणे. आपण आकडे लपवतो, तिथेच समोरच्याचं फावतं.

त्या दिवशी आम्ही बसून कायद्याच्या काही मूळ गोष्टी समजून घेतल्या. तुम्हीही लक्षात ठेवा:

* १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी हे कागदावर हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. पण "कायमचे" आणि "संपूर्ण जग" असं लिहून घेतलं असेल तर ही ढाल उरत नाही.
* आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून दिग्दर्शक नाही, निर्माता धरला जातो. निर्माता म्हणजे फिल्म बनवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. चार मित्रांनी मिळून फिल्म केली तर तो कोण? हे शूटच्या आधी एका कागदावर लिहा. फिल्म गाजल्यावर विचारलंत तर मैत्री जाते.
* सिनेमातलं गाणं "श्रेय देऊन" वापरलं तरी परवानगी लागतेच. गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असू शकतात.

आम्ही कुणी वकील नाही. मोठ्या रकमेचा करार असेल तर तो वकिलाला दाखवाच. पण वकिलाला काय विचारायचं हे तरी गटात कळतं. मी चॅनलला कळवलं: दोन वर्षांसाठी, आणि मला दुसरीकडे दाखवायची मोकळीक ठेवून. तीन आठवडे उत्तर नव्हतं. मग पाच हजारांवर जमलं. तीन हजार कमी मिळाले, पण फिल्म माझी राहिली.

"माझी आयडिया चोरली तर?"

हा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो. भीती रास्त आहे. कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. म्हणजे "गुऱ्हाळ बंद पडतंय" ही कल्पना कुणाचीच नाही. माझी पटकथा, माझे शॉट, माझं एडिट हे माझं.

म्हणून आधी लिहा, मग बोला. पटकथा तारखेसह स्वतःलाच ईमेल करून ठेवली तर निदान तारखेची नोंद राहते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सदस्य होऊन पटकथेची नोंदणी ऑनलाइन करता येते. नव्या माणसासमोर पहिल्याच दिवशी पटकथा उघडू नका, झालेलं काम दाखवा. विश्वास बसायला चार बैठका जाऊ द्या. आमच्याकडे एक नियम तोंडी आहे, पण कडक आहे: गच्चीवरचं गच्चीवर.

गट कुठे बिघडतो?

एक, ज्याला जास्त येतं तो शिकवायला लागतो आणि बाकीचे श्रोते होतात. आमच्या दादाचं असं व्हायला लागलं होतं. मग ठरवलं, प्रत्येकाने दर तीन बैठकींत एकदा तरी स्वतःचं काम आणायचंच. दादाने आपला एक फसलेला व्हिडिओ आणला आणि सगळं परत जागेवर आलं.

दोन, बोलणं उपकरणांवर घसरतं. कुठला फोन, कुठला गिम्बल. अर्धा तास त्यातच जातो. शॉन बेकर यांचा "टँजरिन" हा चित्रपट २०१५ मध्ये आला, आयफोन ५एसवर शूट केलेला. तुमच्या हातातला फोन बहुधा त्याहून नवा आहे.

तीन, कुणीच काही बनवत नाही. नुसता दुसऱ्यांच्या सिनेमांवर वाद. तोही आनंद आहे, पण मग तो वेगळा गट. आमच्याकडे काम न आणता आलेल्याने चहाचे पैसे द्यायचे असतात.

गुऱ्हाळाचं पुढे काय झालं?

बोलणं बुडलं होतं त्याचं काय, हे सांगायचं राहिलं. इंजिनाच्या आवाजातून शब्द काढायचा प्रयत्न आम्ही केला. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. तेव्हा शेतीवाल्याने विचारलं, "काका काय बोलत होते ते लोकांना तेव्हाच्या तेव्हा ऐकू यायला हवंय का?" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. मामाच्या मागच्या खोलीत पंखा बंद केला, दारावर गोधडी टाकली, एक फोन काकांच्या छातीशी ठेवला आणि दुसऱ्या फोनवर त्यांना मुकं एडिट दाखवलं. तेच वाक्य पुन्हा बोला असं सांगितलं नाही. ते बघत राहिले. काहिलीतला पाक उकळताना दिसला तेव्हा म्हणाले, "वास यायला लागला बघ मला." मग पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी कशी वळायची, गोळी कशी झाली की काहील उतरवायची, हे सगळं सावकाश सांगत गेले. मूळ शूटमध्ये यातलं काहीच नव्हतं.

फिल्म चौदा मिनिटांची होती, नऊची झाली. मे महिन्यात देवळासमोर पांढरी चादर लावून गावात दाखवली. काका पहिल्या रांगेत बसले होते. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." लावली.

तर मित्रांनो, पुढचा ट्यूटोरियल उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या फोनमध्ये एक तरी फसलेली क्लिप असेल, जी तुम्ही कुणाला दाखवली नाही. ती चार जणांना डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि खाली एवढंच लिहा: "रविवारी पाचला चहा. हे का फसलं ते सांगायला या. तुमचं फसलेलंही घेऊन या." जे येतील तो तुमचा गट.